सी भरला, डी रिकामा: मधला बांध सरकवता येतो का?

कृष्णाकाठची | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे. बाबांचा घरचा कॉम्प्युटर २०१६ साली तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून जुळवून घेतला होता. एक टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. दुकानदाराने तेव्हाच तीन भाग पाडून दिले: सी ९७.६५ जीबी, डी ४१६ आणि ई ४१६. महिन्याभरापासून सी वर लाल पट्टी दिसतेय. आज १.२ जीबी शिल्लक आहे. अपडेट होत नाही, ब्राउझर मध्येच बंद पडतो, स्कॅनर दोन पानांनंतर जागा नाही म्हणतो. आणि शेजारी डी मध्ये तीनशेवर जीबी नुसती पडून आहे.

बाबा निवृत्त शिक्षक. गेली नऊ वर्षं ते गावातल्या घराघरांतून जुने फोटो, लग्नपत्रिका, वाटणीपत्रं मागून आणतात, स्कॅन करतात आणि ज्याचं त्याला परत नेऊन देतात. ते सगळं ई मध्ये आहे. सोबत एक दोनशेपानी वही. कोणता फोटो कुठल्या फोल्डरात, कोणाकडून आणला, फोटोत डावीकडून कोण कोण उभं आहे, सगळं हाताने लिहिलेलं. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत, त्यामुळे पुन्हा विचारायलाही कोणी नाही.

दुकानात फोन केला तर "घेऊन या, फॉरमॅट मारून देतो" एवढंच उत्तर मिळालं. बाबांनी ते ऐकलं आणि दोन दिवस कॉम्प्युटरला हातच लावला नाही.

प्रश्न असा: काही न पुसता डी मधली शंभर-दोनशे जीबी सी ला देता येते का? विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वर राइट क्लिक केलं तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' राखाडी दिसतं, दाबताच येत नाही.

पावशेर

बॅकअप आहे का? नसेल तर आधी तो, बाकी सगळं नंतर.

कृष्णाकाठची

नाही. पेनड्राइव्हवर थोडे फोटो आहेत. सगळे नाहीत.

नाना_निफाडकर

ताई, आधी हे राखाडी का दिसतं ते सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

हार्ड डिस्क म्हणजे एक लांबट पट्टीचं रान समजा. डावीकडून सी, मग डी, मग ई. कुठून कुठपर्यंत कोणाचं, याची नोंद डिस्कच्या अगदी सुरुवातीला एका तक्त्यात असते. तो तक्ता म्हणजे त्या रानाचा सातबारा. विंडोजच्या स्वतःच्या साधनाला एकच गोष्ट कळते: सी च्या उजव्या बांधाला लागून बेवारस जागा असेल तर ती सी ला जोडायची. मध्ये दुसऱ्याचं रान आलं की ते हात वर करतं. तुमच्याकडे सी च्या बांधाला डी लागून आहे, म्हणून ते राखाडी.

तुम्ही म्हणाल, डी ला आखडून घेऊ. 'श्रिंक व्हॉल्यूम' आहेच. पण श्रिंक केलं की डी आपल्या उजव्या टोकाकडची जागा सोडतो. मोकळा पट्टा तयार होतो डी आणि ई यांच्या मध्ये. सी तिथवर पोचणार कसा? नवशिके इथंच अडकतात, मीही अडकलो होतो.

मग वाटा दोन. एक, डी मधलं सगळं बाहेर काढायचं, डी पुसायचा, सी वाढवायचा आणि उरलेल्या जागेत नवा डी करायचा. दुसरी, दुसरं सॉफ्टवेअर वापरून अख्खा डी उजवीकडे सरकवायचा. दुसरीत काही पुसावं लागत नाही म्हणून ती गोड वाटते, पण डी मधला एकेक तुकडा उचलून नव्या जागी ठेवावा लागतो. तासन्‌तास चालतं, आणि मध्ये खंड पडला तर फार वाईट.

अंबाजोगाईकर

नानांच्या शेवटच्या वाक्यावर मी बोलतो, कारण माझ्यावर बेतलंय.

२०१९ चा जून. मुलीच्या जन्मापासूनचे फोटो डी मध्ये. सी भरला होता, इंटरनेटवरून एक फुकट सॉफ्टवेअर उतरवलं, डी सरकवायला लावला. पट्टी ६० टक्क्यांवर आली आणि वळीव आला. लाईट गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी दोन वर्षं बदललेली नव्हती. चार मिनिटं टिकला.

परत चालू केलं तर डी कच्चा, फॉरमॅट करू का म्हणून विचारतोय. एका जाणत्या मित्राने सांगितलं, हो म्हणू नकोस, त्या डिस्कवर काही लिहू नकोस. मग टेस्टडिस्क चालवून पाहिलं. ते हरवलेला तक्ता पुन्हा उभा करून देतं, पण माझा घोळ तक्त्याचा नव्हताच. निम्मा माल जुन्या जागी, निम्मा नव्या जागी. शेवटी फोटोरेकने फाइली एकेक करून उपसल्या. ते फाइलची सुरुवात ओळखून फोटो बाहेर काढतं, पण नावं आणि फोल्डर परत मिळत नाहीत. अकरा हजार फोटो मिळाले, सगळे आकडे असलेल्या नावांचे. बरेच अर्धे करडे. बारशाचे मिळाले. पहिल्या वाढदिवसाचे नाही मिळाले.

ताई, तुमच्या बाबांची वही फोल्डरच्या नावांवर उभी आहे. नावं गेली तर वहीही मुकी होईल. बाहेरची डिस्क विकत घ्या. हात जोडून सांगतो.

कृष्णाकाठची

अंबाजोगाईकर, वाचून पोटात गोळा आला. उद्या बँकेतून येताना डिस्क घेऊनच येते.

लॅमिंग्टनचा_पोऱ्या

ताई, एक विचारतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी आणि ई या दोघांभोवती मिळून एक गडद हिरवी चौकट दिसते का?

रानजाई

मला मुळातच कळत नाही की हे भाग पाडायचेच कशाला. माझ्या लॅपटॉपवर एकच सी आहे, आत फोल्डर केले आहेत. कुठला भाग भरला, कुठला रिकामा, ही भानगडच नाही.

लिनक्सवारकरी

रानजाई, त्याला कारण आहे. विंडोज बिघडली आणि नव्याने टाकावी लागली तर सी पुसावा लागतो. आपला डेटा वेगळ्या भागात असेल तर त्याला धक्का लागत नाही. आपल्याकडे दुकानदाराकडे मशिन दिलं की तो विचारणार, "डेस्कटॉपवर काही आहे का?" आणि नाही म्हटलं की सी साफ. डी-ई वाचतात.

रानजाई

पण म्हणूनच लोक समजतात की डी मध्ये ठेवलं म्हणजे सुरक्षित. माझ्या मावसभावाने आपल्या प्रबंधाची एक प्रत सी मध्ये, एक डी मध्ये, एक ई मध्ये ठेवली होती. डिस्क एका रात्रीत गेली आणि तिन्ही प्रती तिच्याबरोबर गेल्या. एकाच घराच्या तीन खोल्यांत दागिने ठेवले म्हणून चोरी टळत नाही.

नाना_निफाडकर

रानजाई, एकदम बरोबर. वाटणी वेगळी, बॅकअप वेगळा. तरीही घरच्या मशिनवर मी दोन भाग ठेवतो, कारण दुकानदाराची ती सवय मला माहीत आहे. फक्त सी ला कंजूषपणा करायचा नाही. आजच्या घडीला दोनशेच्या खाली नको.

दुसरीतली_मास्तरीण

९७.६५ हा आकडा बघून हसू आलं, कारण आमच्या शाळेतल्या सगळ्या मशिनवर हुबेहूब हाच आकडा आहे! हा येतो कुठून?

लॅमिंग्टनचा_पोऱ्या

बाई, याचं उत्तर माझ्याकडे. विंडोज टाकताना आकार एमबीत विचारतात. दुकानातला मुलगा १००००० लिहितो, त्याच्या मते झाले शंभर जीबी. विंडोज १०२४ ने भागते, की ९७.६५. डिस्कवर एक टीबी लिहिलेलं असताना ९३१ का दिसतात, त्याचंही कारण हेच. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. चोरी कोणी केलेली नसते, पण आमच्याशी भांडायला मात्र गिऱ्हाईक यायचं.

मी १९९७ ते २००४ मुंबईत लॅमिंग्टन रोडला मशिनं जुळवली. तेव्हा २.१ जीबीची डिस्क म्हणजे चैन. फॅट १६ म्हणजे डिस्कवर फाइलींची नोंद ठेवायची तेव्हाची पद्धत, तिच्यात एक भाग २ जीबीच्या वर जायचाच नाही, म्हणून त्याहून मोठी डिस्क आली की तुकडे पाडणं भागच होतं. फॅट ३२ आलं ते १९९६ च्या सुधारित विंडोज ९५ बरोबर, पण आमच्या सीडीवर पोचायला वेळ लागला. तुकडे पाडायची गरज संपली तरी हाताची सवय राहिली. पुढची सगळी पोरं आमच्याकडूनच शिकली.

आणि भाग मोठा-लहान करायचा तर पार्टिशन मॅजिक. फ्लॉपीवरून चालू व्हायचं. चालू केलं की मालक कोणालाही स्विचबोर्डाजवळ जाऊ द्यायचा नाही.

पावशेर

अवांतर: सी पासूनच सुरुवात का, हे मुलाने विचारलं आणि मला सांगता आलं नाही.

लॅमिंग्टनचा_पोऱ्या

ए आणि बी फ्लॉपीचे. फ्लॉपी गेल्या, त्यांच्या खुर्च्या अजून राखून ठेवल्या आहेत.

मीरा_म्युनिक | मंगळवार, पहाटे २:१५

इथे रात्र आहे, झोप येत नाही, म्हणून लिहिते. लॅपटॉपवाल्यांसाठी दोन गोष्टी, कारण त्यांची अडचण थोडी वेगळी असते.

पहिली. नव्या लॅपटॉपवर सी च्या उजवीकडे बहुतेक वेळा पाचशे एमबी ते एक जीबीचा एक बिननावाचा भाग असतो, रिकव्हरीचा. डी पुसला तरी हा मध्ये आडवा बसतो आणि एक्स्टेंड राखाडीच राहतं. वैतागून तो पुसू नका. विंडोज सुरू होईनाशी झाली तर दुरुस्तीचं साधन तिथेच असतं. जानेवारी २०२४ चं एक अपडेट आठवतंय का, ज्यात ०x८००७०६४३ अशी चूक जगभरच्या लोकांना दिसत होती? हाच भाग लहान पडत होता म्हणून ते बसत नव्हतं. सी मधून २५० एमबी काढून याला द्या, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं होतं. म्हणजे बांध उलट्या बाजूला सरकवायची वेळ.

दुसरी आणि जास्त महत्त्वाची: बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप. ऑफिसचाच नव्हे, घरचा लॅपटॉपही कुलूपबंद असू शकतो आणि आपल्याला पत्ता नसतो. भागांना हात लावण्याआधी ते थांबवून ठेवायचं, आणि ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून घ्यायची. माझ्या नवऱ्याने हे न करता भाग हलवले. सकाळी निळा पडदा आणि किल्ली द्या. किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात होती, खात्याचा पासवर्ड त्याच लॅपटॉपमध्ये, आणि दुपारी त्याची मुलाखत. शेवटी पुण्याला सासूबाईंच्या टॅबवर ते खातं उघडं सापडलं. त्यांनी व्हिडिओ कॉलवर ४८ अंक सहा-सहाच्या गटाने वाचून दाखवले, अगदी पाढे म्हणतात तसे. एकही चूक नाही.

दुसरीतली_मास्तरीण

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा!

हिशेबनीस

सगळ्यांनी एक काम करा. भाग हलवायच्या आधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट साधन आहे. निळं 'गुड' आलं तर पुढे जा. पिवळं 'कॉशन' आलं तर भाग हलवायचा विचार सोडा, आधी डेटा बाहेर काढा. आजारी डिस्कवर शेकडो जीबी इकडून तिकडे करणं म्हणजे छातीत दुखतंय त्याला गड चढायला लावणं.

कृष्णाकाठची | मंगळवार, रात्री १०:०५

आजचा अहवाल. बाहेरची एक टीबीची डिस्क आणली. जुन्या डिस्कची तब्येत पाहिली: गुड. देव पावला.

पण भाग हलवण्याआधी सी ची साफसफाई करावी का? सी मध्ये इतकं आहे तरी काय, तेच कळत नाही. बाबा सगळं ई मध्ये ठेवतात.

लिनक्सवारकरी

नक्की करा. भाग वाढवला तरी काम सुरू असताना सी ला थोडा श्वास लागतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये स्टोरेज उघडा, ते काय किती खातंय ते दाखवेल. नेहमीचे यशस्वी कलाकार:

मोठ्या अपडेटनंतर राहिलेली जुनी विंडोज, 'विंडोज.ओल्ड' नावाची. हिच्यात दहा-वीस जीबी सहज असतात. ती हाताने डिलीट करू नका, डिस्क क्लीनअपमधूनच काढा.

हायबरनेशनची फाइल, म्हणजे मशिन झोपवताना चालू काम जिच्यात साठवतात ती. रॅमच्या साधारण चाळीस टक्के जागा धरून बसते. घरच्या मशिनवर हायबरनेट वापरत नसाल तर बंद करा, लगेच जागा सुटते. यात अजून एक फायदा आहे, तो पुढे लागेल, म्हणून आत्ताच बंद करा: फास्ट स्टार्टअपही त्याबरोबर जातं.

व्हॉट्सॲप डेस्कटॉपवर असेल तर त्याचे आलेले सगळे व्हिडिओ. आयफोनचा बॅकअप घेत असाल तर तोही मुकाट्याने सी मध्येच.

कृष्णाकाठची

विंडोज.ओल्ड होती! १७ जीबी. हायबरनेशन बंद केल्यावर आणखी ३ सुटले. आणि गावच्या ग्रुपवरचे सुप्रभात व्हिडिओ ९ जीबी. ते बाबांनी मला पुसू दिले नाहीत, आधी एकेक बघणार म्हणाले.

सी मध्ये आता २१ जीबी मोकळी आहे. स्कॅनर चालू झाला.

रानजाई

मग झालं की! आता कशाला भाग हलवताय? २१ जीबीत वर्ष निघेल. हातात आलेलं काम धोक्यात का घालायचं?

नाना_निफाडकर

रानजाई, नाही पटत. एकेक पान सहाशे डीपीआयवर स्कॅन करताना तात्पुरत्या फाइली सी मध्ये पडतात. दोन-तीन महिन्यांत पुन्हा लाल पट्टी येणार, आणि तेव्हा घाईत निर्णय होणार. आत्ता डिस्क निरोगी आहे, बॅकअप घेतला जातोय, मदतीला माणसं आहेत. ही वेळ चांगली आहे.

रानजाई

मी असते तर एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, घेतली असती. पन्नास-साठ हजाराचं मशिन नाही हे, अडीचशे-पाचशे जीबीची एसएसडी टाकली, सी तिच्यावर उतरवून घेतला की अख्खी जुनी डिस्क डेटाला. वेगही कितीतरी पटीने वाढतो.

मीरा_म्युनिक

रानजाईशी मी निम्मी सहमत. उपाय म्हणून तो सर्वांत चांगला. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि २०१६ च्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. अशा मशिनमध्ये किती पैसे घालायचे हे त्यांनी ठरवावं. पैसे घालायचेच तर पहिले पैसे दुसऱ्या बॅकअप डिस्कवर घालावेत, असं माझं मत.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ८:३०

मंडळी, लोकांना सांगितलं आणि मग स्वतःच्या ऑफिसच्या मशिनवर तपासलं. पिवळं आलं. कॉपी करताना दोन फोल्डरांवर 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' अशी चूक येतेय, म्हणजे तेवढा भाग वाचताच येत नाही. पक्षकारांचे सहा वर्षांचे हिशेब आहेत. बाकीचं सगळं बाहेर काढलं, ते दोन फोल्डर जुन्या सीडीवर मिळतात का बघतोय. हा धागा निघाला नसता तर मी तपासलंच नसतं.

पावशेर

हिशेबनीस, ती डिस्क आता बंद करून ठेवा. पुन्हा पुन्हा वाचायला लावू नका.

कृष्णाकाठची | शनिवार, दुपारी ४:२०

डी चे ९६ जीबी आणि ई चे २१० जीबी, दोन्ही बाहेरच्या डिस्कवर गेले. पहिल्या रात्री पुढच्या पोर्टला डिस्क लावली होती, तर नऊ तास दाखवत होतं. भाच्याने सांगितलं, मागे निळा पोर्ट आहे, त्याला लाव. तीन तासांत काम झालं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी लिहिलं.

मग पडताळणी. मी फाइलींची संख्या आणि आकार दोन्हीकडे जुळवून पाहिला. बाबांना ते पुरेसं वाटलं नाही. त्यांनी वही घेतली, डोळे मिटून पान उघडायचे, बोट ठेवायचे आणि तो फोटो नव्या डिस्कवर उघडून बघायचे. असे पंचवीस. प्रत्येक फोटोपाशी पाच मिनिटं, कारण प्रत्येकाची गोष्ट. चौदावा निघाला आजीचा, १९७४, विहिरीच्या कामावर. मी तो कधी पाहिलाच नव्हता.

आता अडचण. नानांनी सांगितल्याप्रमाणे डी पुसला. जागा मोकळी झाली. पण सी वर राइट क्लिक केलं तरी एक्स्टेंड राखाडीच! आणि मोकळी जागा काळी न दिसता पोपटी दिसतेय. काय चुकलं? बाबा शेजारी बसले आहेत.

लॅमिंग्टनचा_पोऱ्या

ताई, काही चुकलेलं नाही आणि काही गेलेलं नाही. हेच मी सोमवारी विचारलं होतं, त्या हिरव्या चौकटीबद्दल.

नानांच्या सातबाऱ्याचं उदाहरण पुढे नेतो. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर तो तक्ता पहिल्या ५१२ बाइटांच्या तुकड्यात बसवलेला असतो. त्यातले ६४ बाइट नोंदींना, एकेक नोंद १६ बाइटांची. म्हणजे कागदावर ओळी चारच. चारपेक्षा जास्त भाग हवे तर काय? मग एका ओळीवर एक मोठं कुंपण नोंदवायचं, एक्स्टेंडेड, आणि त्या कुंपणाच्या आत हवे तितके वाफे पाडायचे. डॉसच्या एफडिस्क या भाग पाडायच्या साधनात तर एकच मुख्य भाग करता यायचा, बाकी सगळं कुंपणात. आम्ही तसंच शिकलो. तुमच्या दुकानदाराने २०१६ मध्येही तसंच केलं: सी बाहेर, डी आणि ई कुंपणात.

तुम्ही डी चा वाफा मोडला, पण कुंपण तिथेच आहे. पोपटी म्हणजे कुंपणातली रिकामी जागा. काळी म्हणजे कोणाचीच नसलेली. सी कुंपणाबाहेर, त्याला काळीच लागते.

नाना_निफाडकर

ताई, माफ करा. हे मी आधी विचारायला हवं होतं. आता एक मार्ग: ई चीही प्रत आहेच. ई पुसा, मग कुंपण पुसा, सगळं काळं होईल. सी वाढवा, डी-ई नव्याने करा, माल परत आणा.

कृष्णाकाठची

नाना, माफी कसली. पण ई वर डिलीट दाबायला माझा हात होत नाही. प्रत आहे हे डोक्याला कळतं. बाबा काही बोलत नाहीत, नुसते पडद्याकडे बघतायत. दुसरा मार्ग आहे का?

लिनक्सवारकरी

आहे, आणि तो जास्त चांगला आहे. ई ला हातसुद्धा लावायचा नाही. फक्त कुंपणाची डावी बाजू उजवीकडे सरकवायची. तिथली जागा आधीच रिकामी असल्याने उचलायला मालच नाही. काम सेकंदांचं.

विंडोजचं साधन हे करत नाही, जीपार्टेड नावाचं फुकट साधन करतं. शांतपणे असं करा. जीपार्टेड लाइव्हचा पेनड्राइव्ह बनवा. आधी ई वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, एरर चेकिंग करून घ्या. मशिन पूर्ण बंद करा. फास्ट स्टार्टअप तुम्ही मंगळवारीच घालवलंत, ते इथे कामाला आलं. नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेली राहते. पेनड्राइव्हवरून सुरू करा. एक्स्टेंडेड असं लिहिलेला, बाकीच्यांना पोटात घेतलेला भाग निवडा, रिसाइझ. डावीकडचं टोक ओढण्याऐवजी 'आधीची मोकळी जागा' या चौकटीत २०४८०० टाका, म्हणजे बरोबर २०० जीबी. अप्लाय करण्याआधी खाली यादी दिसेल, तिच्यात एकच ओळ असली पाहिजे आणि तिच्यात एक्स्टेंडेड हाच शब्द असला पाहिजे. ई चं नाव दिसलं तर थांबा, इथे लिहा.

सी मात्र तिथे वाढवू नका. परत विंडोजमध्ये येऊन तिच्याच साधनाने वाढवा.

अंबाजोगाईकर

आणि लाईटची काय सोय?

कृष्णाकाठची

इन्व्हर्टर आहे, बॅटरी गेल्या दिवाळीत बदलली. शिवाय बाहेरची डिस्क काढून कपाटात ठेवली आहे, वहीसोबत.

अंबाजोगाईकर

मग करा. मी इथेच आहे.

कृष्णाकाठची | शनिवार, रात्री ८:५०

यादीत एकच ओळ आहे. एक्स्टेंडेड लिहिलंय. ई चं नाव नाही. बाबांना विचारलं, दाबू का? ते म्हणाले, "दाब." दाबते.

मीरा_म्युनिक

???

दुसरीतली_मास्तरीण

जेवण सोडून बसले आहे मी.

कृष्णाकाठची | शनिवार, रात्री ९:१५

झालं! चार सेकंद लागले असतील. विंडोज नेहमीसारखी सुरू झाली. सी च्या शेजारी काळा पट्टा, २०० जीबी. एक्स्टेंड दाबता आलं. सी आता २९७.६५ जीबी. ई जिथल्या तिथे, अक्षरही ई च. कुंपणात उरलेल्या २१६ जीबीचा नवा डी केला.

फक्त नव्या भागाला डी हे अक्षर न मिळता एच मिळालंय. स्कॅनरचं सॉफ्टवेअर डी शोधतंय.

हिशेबनीस

डी हे अक्षर कोणीतरी पळवलंय. पेनड्राइव्ह अजून लावलेला आहे का?

कृष्णाकाठची

हो! जीपार्टेडचाच. तो काढला. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये एच वर 'चेंज ड्राइव्ह लेटर' करून डी दिलं. स्कॅनरला फोल्डर सापडला.

नाना, लिनक्सवारकरी, लॅमिंग्टन, अंबाजोगाईकर, तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. दुसरी बॅकअप डिस्क पुढच्या पगाराला घेणार, ती माझ्याकडे कराडला राहील, म्हणजे एका घरात सगळं नको. बाबांनी आत्ताच वहीच्या शेवटच्या पानावर आजची तारीख टाकून लिहिलं: "सी वाढवला. ई तसाच." आणि स्कॅनर चालू केला आहे.

नाना_निफाडकर

ताई, त्या वहीच्या पानांचेही स्कॅन करून ठेवा.

कृष्णाकाठची

तेच चाललंय, नाना. पान ३७ वर आहेत.

पावशेर

लिनक्सवारकरी, माझ्याकडे हिरवी चौकट नाही, पण सी च्या उजवीकडे मीराताई म्हणतात तसा ५२० एमबीचा बिननावाचा भाग आहे. त्याला न पुसता पलीकडे सरकवता येईल का? बॅकअप घेतलेला आहे.

लिनक्सवारकरी

येईल. आधी बिटलॉकर चालू आहे का ते बघून इथे लिहा.